दोन भागांचं प्रथिन

प्रश्न मीच विचारला होता, एवढं नक्की. शब्द हेच होते का... आता छातीठोकपणे सांगवत नाही.

“बाई, माझा भाग तयार आहे. उषाचाही मीच करू का?”

सबनीसबाईंच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं एकाच प्रथिनावर काम करत होतो. दोन वेगळ्या भागांचं प्रथिन. ते जुळले की डीएनए घट्ट धरून ठेवणारं. एका चंबूतल्या जीवाणूंकडून मी माझा भाग तयार करून घेई, दुसऱ्या चंबूतल्यांकडून उषा गावित तिचा. मग जीवाणू फोडायचे आणि तो द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा. माझा भाग वरच्या नितळ द्रवात राही. तिचा दरवेळी तळाशी पांढरा, निकामी गाळ होऊन बसे.

उषाला प्रयोगशाळेत पुढे ठेवायचं की नाही, हे महिनाअखेरीला बाईंच्या अभिप्रायावर ठरणार होतं.

ती मोरीपाशी नळ्या विसळत होती. ऐकत असणारच.

“म्हणजे तिला काढू?” बाईंनी विचारलं.

“तसं नाही... पण पाचही वेळा गाळच आला, बाई.”

“आणि तुझा डीएनए धरतो?”

“एकटा कसा धरेल?”

“अरे वा! मग तयार कसला झालाय, घैसास?”



बाई उठल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हात एकमेकांवर आडवे घालून माझ्यापुढे केले.

“धर. फुगडी.”

“इथं?”

“त्या नळ्या ठेव आधी. फुटतील.”

मी हात धरले. बाई मागे रेलल्या, अगदी सगळा भार टाकून. मलाही रेलावंच लागलं.

“आता सोड.”

“पडाल, बाई!”

“पडले, तर म्हणशील बाईंना फुगडी येत नाही?”

...

मोरीवरचा नळ बंद झाला.

मी हात सोडले नाहीत. हे मात्र मला स्पष्ट आठवतं.

“दोन्ही जनुकं एकाच जीवाणूत घाला,” सरळ उभ्या राहत बाई म्हणाल्या. “चंबूवर दोघांचीही नावं. आणि उषा, हसायचं तर मोठ्यानं हस गं. हा काही चावत नाही.”

तीन आठवड्यांनी सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली. तळाशी गाळ जवळजवळ नव्हताच. दोन्ही भाग नितळ द्रवात होते, जोडीनं. त्यात डीएनए घातला, तर त्यांनी तो धरला.

मी धावतच बाईंच्या खोलीत गेलो. त्या उषाचा अभिप्राय लिहीत होत्या.

“बाई, उषाचा भाग सुधारला!”

त्यांनी मान वर केली नाही.

“आणि तुझा?”

...

नऊ वर्षांनी, माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेत, मी बाईंच्या त्या प्रश्नाचं उत्तर तपासून पाहिलं. एकटा असताना माझा भाग नितळ राही, कारण त्याचे रेणू दोन-दोन करून एकमेकांनाच धरून बसत. डीएनएला त्यांनी हातही लावला नव्हता.