चकार शब्द

रानात पहिली कुऱ्हाड अजून यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या उंच बेहड्यावर गरुडरावांचं घरटं होतं आणि घरट्यात दोन पिल्लं. खाली करवंदीच्या जाळीत टिपरी नावाची चिमुकली माकडीण राहायची.

एका सकाळी टिपरी करवंदं खात बसली होती. वर पाखरं, खाली हरणं, सगळ्यांशी तिच्या गप्पा रंगल्या होत्या. तेवढ्यात गरुडराव घरट्याकडे परतले आणि क्षणात सारे चिडीचूप झाले.

गरुडराव मान ताठ करून म्हणाले, "बघितलंस, टिपरे? तू आलीस की नुसता कलकलाट. माझ्यासमोर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. याला म्हणतात मान! आता सांग, आपल्या दोघांत मोठं कोण?"

जाळीच्या काट्यांत गरुडाचे पंख शिरत नाहीत, म्हणून टिपरीला बोलायचा धीर झाला.

"मोठे तुम्हीच," ती म्हणाली, "पण ते घरटं आजच हलवा. तुमची फांदी वाळवीनं आतून खाल्लीय. सुतारपक्ष्यानं ठोकून पाहिलीय."

गरुडरावांनी फांदीवर चोच आपटली. फांदी पोकळ वाजली. त्यांनी घाईघाईनं दोन्ही पिल्लं पंखाखाली ओढली.

"हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्या रानाला. गेल्या पावसाळ्यापासून."

"मग मला एकानंही कसं सांगितलं नाही?" गरुडराव ओरडले.

टिपरीनं तोंडातलं करवंद सावकाश गिळलं.

"तुम्हीच म्हणालात ना, तुमच्यासमोर कुणी चकार शब्द काढत नाही."