उंबरठ्यावरचे मीठ

एका राज्यात, ज्याचे नाव सांगणाऱ्याला आता नीट आठवत नाही, आणि आठवते असे वाटते तेव्हा तर मुळीच भरवसा धरू नये, वज्रकेतू नावाचा राजा होता. राज्याच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. डोंगर उजवीकडे होता की डावीकडे, यावर वाद होईल. समुद्र होता, एवढे नक्की.

त्या समुद्रावर सांगडे नावाचे लोक फिरत. भोपळे आणि ओंडके बांधून केलेल्या तराफ्याला सांगड म्हणतात. सांगडीवर जन्मून सांगडीवरच मरणारे ते सांगडे. त्यांची एक रीत होती. लाटेने विस्तव विझला की ते किनाऱ्याला लागत, पहिल्या दिसेल त्या घरात शिरत, चुलीतला निखारा खापरीत घेत आणि उंबरठ्यावर मिठाचा खडा ठेवून निघून जात. विचारत नसत. विचारले तर घरधनी नाही म्हणेल, आणि विस्तवाला नाही म्हटल्याचे पाप त्याच्या माथी बसेल, असे त्यांचे म्हणणे. आपल्या माणसाच्या घरी मात्र ते मीठ ठेवत नसत. तिथे देणेघेणे कसले?

एके दिवशी पहिले दिसलेले घर राजवाडा निघाले. सांगडे मुदपाकखान्यात शिरले, निखारा घेतला आणि पकडले गेले. त्यांच्या गळ्यांत मोती होते, आणि राजाची नजर त्या मोत्यांवर फार दिवसांची होती.

दुपारची पंगत उठल्यावर दरबार भरला. राजाने माधवगुप्ताला पुढे बोलावले. माधवगुप्त हा राज्यातला सर्वांत मोठा शब्दपंडित. स्वतःवर मात्र त्याचा विश्वास नव्हता.

"पंडित, सांगडा म्हणजे काय?"

"फिरस्ता, महाराज. सांगडीवर राहतो तो. काहींच्या मते 'संग' या शब्दापासून..."

"न विचारता घेतो त्याला काय म्हणतात?"

"चोर, महाराज."

"आणि समुद्रावरून येऊन घेतो त्याला?"

"चाचा."

"मग सांगडा म्हणजे काय?"

कैदी समोरच उभे होते, डोक्यांवरून जाळी टाकलेले. माधवगुप्ताने मान वर केली नाही. "फिरस्ता," तो म्हणाला, "आणि चाचाही. प्रयोगानुसार."

तेवढे पुरले. राजाचा मांत्रिक कराळ पुढे आला. त्याने मूठभर राख फुंकली, आणि सांगड्यांचे दगड होऊ लागले. गळ्यापर्यंत दगड झालेली त्यांची म्हातारी ओरडली, "ज्या चुलीपायी आम्हांला चाचे ठरवलेत, तसली एकही चूल या राज्यात पेटणार नाही! तुमच्यातला कोणी आमच्या रीतीने विस्तव आणील तेव्हाच पेटेल." मग तिचे तोंडही दगडाचे झाले.

दगड किनाऱ्यावर नेऊन टाकले. मोती खजिन्यात गेले. पण पेटी उघडली की आत कोळसे दिसत. आणि सगळ्या चुली विझल्या. शेजारच्या राज्यातून आणलेला विस्तव वेशीवर विझे. लोक भिजवलेले तांदूळ खाऊ लागले. बाळंतिणी गारठल्या.

शापाचे शब्द आपण बरोबर ऐकले का, या शंकेने माधवगुप्त किनाऱ्यावर गेला. दगडांतल्या एका बाईच्या हाताची करंगळी वाकडी होती. तशीच करंगळी त्याच्या हाताला होती, आणि त्याची लेक कुमुदा हिच्या. कुमुदा एका सांगड्याबरोबर निघून गेली होती. ती मामाकडे असते, असे त्याने गावाला सांगितले होते.

दगडावर एक टिटवी बसली होती. ती म्हणाली, "आता बघतोस? दरबारात मान का नाही वर केलीस?"

"मला ठाऊक नव्हते ती आहे म्हणून."

"तिला ठाऊक होते. आवाज तुझाच होता."

माधवगुप्त वाळूत बसला. "ती उठेल का?"

"तीन कामे कर. खाऱ्या तळ्याच्या नागाकडून मीठ आण. डोंगरापलीकडच्या कराळाच्या गुहेत विस्तव आहे, तो सांगड्यांच्या रीतीने आण. आणि भर दरबारात शब्दाचा खरा अर्थ सांग."

"तिसरे सर्वांत सोपे."

"असे?" टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

खाऱ्या तळ्याचा नाग म्हणाला, "मिठाच्या बदल्यात जिभेवरचा एक शब्द दे. पुन्हा मिळणार नाही." माधवगुप्ताने 'प्रयोगानुसार' हा शब्द दिला. "स्वस्तात सुटलास," असे म्हणून नागाने एक खडा दिला.

गुहेत कराळ उन्हाकडे पाठ करून बसला होता. माधवगुप्ताने जन्मभर परक्या घरी पाणीही 'आज्ञा असावी' म्हणूनच प्यायले होते. तेच शब्द ओठांशी आले. त्याने ओठ चावले, चुलीतला निखारा खापरीत घेतला.

"कोण रे? चोर!" कराळ वळला. "अरे पोथीपंडिता, तू? मागितला असतास तर दिला असता की! माग तरी एकदा."

मागणे फार सोपे होते. माधवगुप्ताने मिठाचा खडा उंबरठ्यावर ठेवला आणि तो बाहेर पडला. मागून शिव्या येत राहिल्या. वेशीवर निखारा विझला नाही.

दरबारात राजाने विचारले, "हा विस्तव कोठून आणलास?"

"घेतला, महाराज. न विचारता. मीठ ठेवून."

"म्हणजे तू चोर झालास. शिक्षा ठाऊक आहे?"

या वेळी माधवगुप्ताने मान वर केली. "सांगडा झालो, महाराज. विस्तव घेऊन मीठ ठेवणारा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. दुसरा मी भीतीने जोडला."

त्याच घटकेला मुदपाकखान्यात चूल पेटली, आणि मग घरोघरी. किनाऱ्यावर दगड उठून उभे राहिले. पेटीतल्या कोळशांचे मोती झाले. गरम भात पोटात गेल्यावर राजा न्यायी झाला. त्याने मोती परत केले आणि दवंडी पिटवली, की सांगडा म्हणजे फिरस्ता, चाचा नव्हे.

माधवगुप्त घरी धावला. चूल फुलवून तो वाट पाहत बसला. कुमुदा आली. केसांत वाळू होती. ती आत शिरली आणि न विचारता एक निखारा खापरीत घेतला. त्याला आनंद झाला.

"बैस ना, पोरी. भात टाकतो."

"नको, बाबा. सांगड लागली आहे. तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"जपा."

जाताना ती वाकली आणि उंबरठ्यावर मिठाचा खडा ठेवून गेली.

राज्यात सर्व सुरळीत झाले. दवंडी लोक विसरले, आया मात्र पोरांना अजून सांगत, "झोप, नाहीतर सांगडे येतील." माधवगुप्त दारोदार खरा अर्थ सांगत फिरे. लोक त्याला बसायला पाट देत, ऐकून घेत, आणि तो वळला की पोरांना पुन्हा तेच सांगत.

एकच शंका त्याला जाळत राहिली. त्या दिवशी राजवाड्याच्या उंबरठ्यावर मीठ ठेवले होते का? की सांगडे खरेच काही न ठेवता निघाले होते? पुष्कळ वर्षांनी, स्वयंपाक सोडून घरी बसलेल्या मुदपाक्या बल्लाळाला त्याने शेवटी विचारले.

"होता की एक खडा," बल्लाळ म्हणाला. "पांढराशुभ्र. वाया कशाला घालवायचा, म्हणून कुटून दुपारच्या पंगतीला तोच वाढला. तुम्ही तर दोनदा मागून घेतलेत, पंडित."