तुळाजीचा लांबलचक हार

एका गावात तुळाजी नावाचा एक भोळा माळी होता. भोळा म्हणजे इतका, की झाडांना रोज पाणी घाल म्हटलं, तर भर पावसात डोक्यावर छत्री धरून पाणी घालायचा. त्यामुळे त्याला कुणी कामावर ठेवेना, आणि घरातली चूल कधी पेटे, कधी पेटत नसे.

जवळच्या शहरात दामोदरशेठ आणि ललिताबाई हे बडं जोडपं राहत होतं. दोघांनाही चित्रं नि मूर्ती गोळा करायचा भारी नाद. घरात जेवायला पाट मांडायला जागा उरेना, तेव्हा त्यांनी संगमरवरी संग्रहालय बांधलं. भोवती बाग केली. बागेला माळी हवा होता.

तुळाजीच्या बायकोने, हौसाने, दोघांना पुरेल असा झेंडूचा लांबलचक हार गुंफला आणि नवऱ्याला बजावलं, "शेठ-शेठाणी दिसले की आधी हार घाला. मग काम मागा. कामाबिगर घरी येऊ नका."

संग्रहालयात शिरताच समोर शेठ-शेठाणींची माणसाएवढी तसबीर. तुळाजीने तिला हार घातला आणि काम मागितलं. पहारेकरी राऊतमामा धावत आले. त्यांनी हार काढून त्याच्या हातात दिला.

"अरे, जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालतात का? हार घालायचा तो माणूस वारल्यावर. आणि इथं कशाला हात लावायचा नाही."

तुळाजीने खूणगाठ बांधली. पुढे जिन्यात एका बाईंचा पाय घसरला. त्यांनी आधाराला हात पुढे केला, तशी तुळाजीने आपले हात पाठीमागे घेतले. बाई थेट खाली जाऊन बसल्या. मामा म्हणाले, पडणाऱ्याला धावत जाऊन धरायचं असतं, एवढंही कळत नाही? तुळाजी म्हणाला, आता कळलं.

वरच्या दालनात नटराज एका पायावर उभा होता. तुळाजीने धावत जाऊन त्याला मिठी मारली, ती काही केल्या सोडेना. मामांनी कशीबशी सोडवली. देव शेकडो वर्षं तसाच उभा आहे, उगाच घाई करायची नाही, वेळ येईपर्यंत गप उभं राहायचं, असं त्यांनी समजावलं.

मामा तसे मायाळू. घरच्या चुलीची गोष्ट ऐकून ते स्वतःच शेठ-शेठाणींना बोलावून घेऊन आले. दोघं म्हातारी, एकमेकांचा हात धरून हळूहळू आली. हार पाहून ललिताबाई हसल्या. "आमच्यासाठी आणलास?" म्हणत दोघांनी कौतुकाने माना पुढे केल्या.

तुळाजीने हार झटकन पाठीमागे लपवला.

"तुमचाच हाय जी," तो अदबीने म्हणाला, "दोघांना पुरंल. पण तुमी वारल्याबिगर घालायचा न्हाई, असं मामांनी सांगितलंय. मला काय घाई न्हाई. मी हितंच उभा ऱ्हातो."