आठव्या दिवसापासूनचं शिबीर

“...आणि ज्यांनी एकदा शपथ घेतलीय, त्यांना ती पुन्हा कशी द्यायची, बाबा?”

सखाहरीबाबा मठाच्या ओट्यावर बसून घायपाताच्या वाखाची दोरी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“झालं काय?”

“बंधारा फोडला. काल संध्याकाळी आम्ही पूर्ण केला आणि आज सकाळी बघतो तर ओढा मोकळा. पोती काठावर थप्पी लावून ठेवलीत.”

“थप्पी नीट लावलीय?”

“बाबा, चेष्टा करू नका.”

इंद्रजित सोनटक्के तालुक्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता आणि सेवा योजनेच्या शिबिराचा गटप्रमुख होता. कॉलेजनं हे गाव नऊ वर्षांपूर्वी दत्तक घेतलं होतं. दरवर्षी सात दिवस मुलं येत, वाळूची पोती रचून ओढ्यावर बंधारा घालत, सेवेची शपथ घेत, फोटो काढत आणि जात. पावसाळ्यात बंधारा वाहून जातो, पुढच्या वर्षी नवा घालायचा, असं सगळे धरून चालले होते.

पहिल्या वर्षी साठ जण आले होते. यंदा अकरा. त्यातल्या दहा जणांनी आज सकाळीच बॅगा भरल्या होत्या. दुपारी दोनची एसटी होती. ते गेले की शिबीर कायमचं बंद, हे प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

“तुम्ही चला,” इंद्रजित म्हणाला. “दोन शब्द बोला. तुमचं ऐकतील.”

“काय बोलू?”

“सेवा म्हणजे काय, ते सांगा. नेतृत्व म्हणजे काय, ते सांगा. मी सांगून दमलो.”

“आणि गावाला?”

“गावाला मीच सांगणार आहे. नऊ वर्षं आमचं कॉलेज यांच्यासाठी राबतंय, आणि हे...”

बाबा दोरीला पीळ देत राहिले.

“इकडं ये. पाठ कर.”

पीळ देताना दोरीचं टोक धरायला माणूस लागतो. मागेही दोनतीनदा बाबांनी त्याला ते धरायला लावलं होतं. त्याने हात मागे केले. बाबांनी दोन्ही मनगटांभोवती दोरी फिरवली आणि गाठ मारली.

“हे काय?”

“ओढ्यापलीकडं वस्तीवर जाऊन ये.”

“असा?”

“असाच.”

“लोक हसतील, बाबा.”

“हसू दे.”

“आणि तिथं जाऊन करू काय?”

बाबांनी नवा वाख हातात घेतला होता.

इंद्रजित निघाला. रागाने त्याचे कान तापले होते. ओढ्यावर बैल धुणारा एक जण लांबूनच ओरडला, “काय गटप्रमुख, लगीन लागलं का अटक झाली?”

तो तसाच पुढे गेला. ओढा ओलांडायला टाकलेल्या दगडांवरून जाताना तोल सावरायला हात नव्हते. त्याला प्रत्येक दगड बघून पाय टाकावा लागला. पलीकडे पोचला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, की हे दगड कुणीतरी मापाने टाकले आहेत. अंतर लहान होतं. लहान पायांचं.

वस्तीवर तो याआधी कितीतरी वेळा आला होता. पण तेव्हा हातात सर्वेक्षणाचा फॉर्म असे, नाहीतर फावडं, नाहीतर मोबाईल. आज बायका त्याच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या.

चांगुणाआजी अंगणात तूर झोडत होती. तिने काठी खाली ठेवली.

“कुणी बांधलं रे लेकरा?”

“बाबांनी.”

“मग काहीतरी केलं असशील.”

“मी काही केलं नाही, आजी. तुम्ही केलंय. बंधारा कुणी फोडला?”

“मीच की.” ती सहज म्हणाली. “मी, ही धुरपदा, तिचा नवरा, समदी वस्ती. तहान लागलीय का तुला? ओठ बघ कसे सुकलेत.”

तिने तांब्या आणला आणि वरून धार धरली. गावाला पाणी द्यायला आलेला गटप्रमुख मान मागे टाकून, लहान पोरासारखा, प्यायला. थोडं पाणी शर्टावर सांडलं. ते आजीने पदराने पुसलं.

“का फोडला?” त्याने विचारलं. आवाज मघासारखा चढला नाही.

“अरे, पाणी तुंबलं की मागचे दगड बुडतात. पोरं शाळेला त्याच्यावरूनच जातात. दरवर्षी तुम्ही गेलात की आठव्या दिवशी आम्ही पोती उचलतो. यंदा तुम्ही उशिरा आलात, आज पोरांची परीक्षा. थांबता येईना, लेकरा.”

“दरवर्षी?”

“नऊ वर्षं झाली. तुमचं शिबीर उठलं की आमचं बसतं. तुमचं सात दिवसांचं, आमचं तीन. यंदा तुम्ही थोडेच, पोती कमी, म्हणून एका रात्रीत उरकलं. पोती लई गच्च भरता रे तुम्ही!”

धुरपदा मोठ्याने हसली. इंद्रजितला हसू आलं नाही.

“मग सांगितलं का नाही कुणी?”

आजीने त्याच्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं.

“किती हौसेनं करता तुम्ही. हातांना फोड येईस्तोवर. लांबून आलेल्या पोरांना नको कसं म्हणायचं?... आणि मोटार तिथंवरच जाती. तुमचे साहेब उतरणार कुठं, तो कापडी फलक लावणार कुठं?”

तो मटकन ओट्यावर बसला.

तेवढ्यात ओढ्याकडून आवाज आले. दहाही जण बॅगा पाठीला लावून येत होते. निरोप घ्यायला ते मठात गेले होते. बाबा त्यांना म्हणाले होते, तुमचा गटप्रमुख पलीकडे आहे, आणि स्वतः पुढे चालू लागले होते.

“अरे, लीडर तर कैदेत!” शलाका म्हणाली. ती सगळ्यांत आधी बॅग भरणारी. “इंद्या, आम्ही निघतोय. भाषण देऊ नकोस.”

“नाही देत.”

“मग?”

तो आजीकडे वळला.

“आजी, पाणी अडवायचंच असेल तर कुठं अडवायचं?”

धुरपदाने हातातलं सूप खाली ठेवलं.

“वर,” आजी म्हणाली. “जांभळीच्या वळणाला. खाली खडक आहे.”

“काहीतरीच!” धुरपदा म्हणाली. “वळणाला गुरं उतरतात. त्याच्याही वर, दरडीपाशी.”

“दरडीपाशी पाणी राहील का? तुझा सासरा तिथं विहीर खणून खणून थकला.”

“सासऱ्याचं काढू नका, आत्याबाई!”

शेजारच्या दोन बाया भांडणात उतरल्या. बैल धुणारा माणूस ओल्या पायांनीच आला आणि म्हणाला, की दोघींनाही काही कळत नाही. कुणीतरी काडीने मातीत ओढा काढला, दुसऱ्याने तो पायाने पुसला आणि नवा काढला. शलाका वाकून बघू लागली. बॅग खांद्यावरून घसरली, तशी तिने ती खाली टाकली. बाकीचेही भोवती टेकले.

“म्हणजे इथं आपली गाडी येणारच नाही?” एकाने विचारलं.

“नाही,” इंद्रजित म्हणाला. “पोती डोक्यावरून न्यावी लागतील.”

“आणि फोटो?”

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. एकदा. मग पुन्हा, लांबलचक.

दोघे उठले, कुणाकडे न बघता गेले. तिसरा अर्धा उभा राहिला, मातीतल्या ओढ्याकडे बघितलं आणि परत बसला. आठ जण राहिले. बाया अजून भांडतच होत्या.

इंद्रजितची मनगटं आता ठणकत होती. तो बाबांजवळ गेला आणि त्यांच्याकडे पाठ केली.

“सोडा बाबा. कामाला लागायचंय.”

बाबांनी गाठ चाचपून पाहिली.

“राहू दे लेका. आत्ता कुठं लागलायस.”