करंड्याचं कोरं पोट

रंग फुलापानांतून काढत, तेव्हाची गोष्ट. भिवा कातारी याने लाकूड कातून कुंकवाचा करंडा घडवला आणि बाहेरून लालभडक रंगवला. आतून मात्र कोराच ठेवला.

करंडा कासावीस झाला. "अहो भिवाकाका, झाकण उघडलं की बायका हसतील मला!"

"हसू देत. आतला रंग माझ्यापाशी नाही, बाबा."

द्वारकाबाईंनी तो घेतला आणि त्यात कुंकू भरलं. रोज पूजेच्या वेळी त्या झाकणाला हात लावत आणि करंडा लाजेने थरथरे.

वर्षं गेली. पुसून पुसून बाहेरचा रंग पार विटला. एकदा दिवाळीआधी सुनेने करंडा रिकामा करून धुतला.

"सासूबाई, तीनदा धुतला हो! बाहेरचा उरलासुरला रंगही गेला, पण आत लाकडात मुरलेलं कुंकू काही निघेना."

"राहू दे गं. देवाचं आहे ते."

त्या दिवशी करंडा झाकण उघडं ठेवून अंगणात उन्हाला बसला. बायका येत होत्या, जात होत्या. तो थरथरला नाही.