दहिवराचा कातळ

तळ्यात खुशाल पाय बुडवा पाहुणे, पण या कातळावर चढायचं तर चपला खाली काढा. इथे देव नाही, शेंदूरही नाही. नीट बघा, काळ्या दगडावर फिकट रेघा दिसतील, शेजारी शेजारी काड्या मांडल्यासारख्या. त्या ठकूबाईच्या तागाच्या, असं आम्ही मानतो. शहाणी माणसं म्हणतात, दगडाची जातच तशी. म्हणोत बापडी.

आमची वाडी पिढ्यान्‌पिढ्या तागाची. कापलेला ताग तळ्यात कुजत घालायचा, साल सुटली की सोलून वाख काढायचा, त्याचं सूत कातून पोती आणि बसकरं विणायची. त्या दिवसांत तळ्याला असा वास सुटतो की म्हशीसुद्धा नाक मुरडतात. प्यायला तेव्हा ओढ्याचं पाणी. पहिली जुडी पाण्यात सोडायचा मान ठकूबाईच्या घराचा. तिच्याआधी कुणी सोडायची नाही.

एका साली म्हणे पाऊस दगा देऊन गेला. ओढा आटला, तळ्यात गुडघाभर पाणी उरलं आणि तेच पिण्याचं झालं. पण ताग कापून पडला होता. तो कुजवला नाही तर वर्षभर खायचं काय? थोडा थोडा घालू, असं सगळ्यांनी ठरवलं. ठकूबाई जुडी डोक्यावर घेऊन निघाली, मागे अख्खी वाडी. काठावर एक म्हातारी करवंटीने घागर भरत होती. गाळ ढवळू नये म्हणून तिचा हात अगदी हळू चालला होता. ठकूबाई बघत राहिली. मग मागे वळली.

"पोती इकून पानी येत न्हाई," ती म्हणाली. "म्या जुडी सोडत न्हाई, तवा तुमी बी सोडायची न्हाई."

लोकांनी तिला नाही नाही ते ऐकवलं, पण तिचा मान मोडायची छाती कुणाची झाली नाही. तिने आपला सगळा ताग या कातळावर पसरला. पहाटेच्या दहिवराने, दवाच्या नुसत्या ओलीने, गवताची काडी कुजते, एवढंच तिला ठाऊक. पहिल्या खेपेला काड्या पालटायच्या राहिल्या, खालची बाजू कच्ची निघाली आणि अर्धा ताग चुलीत गेला. लोक पोट धरून हसले. उरलेल्या तागाची एकेक काडी ती रोज सकाळी उलटत राहिली. त्या कार्तिकात रानात कुठेच दहिवर पडलं नाही, पडलं ते फक्त इथे, असं सांगतात. महिन्याभराने बोट लावताच साल सुटली. वाख निघाला राखाडी आणि मऊ. दुसऱ्या सकाळी हसणारे आपापल्या जुड्या घेऊन कातळाखाली उभे होते, आणि तिने त्यांना जागा करून दिली. मला तिचं खरं मोठेपण इथेच वाटतं.

आता तळं तुडुंब असतं, ताग पुन्हा पाण्यातच कुजतो. पण आजही पहिली जुडी घेतलेली बाई काठापर्यंत जाते, वळते आणि ती जुडी या कातळावर आणून पसरते. तिच्यामागे वाडी मुकाट्याने वळते. खाली वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई करवंटीने घागर भरायला बसते. तिची घागर भरेपर्यंत कुणाचाही ताग पाण्याला लागत नाही.