महाराजांवर हुकूम कुणाचा?

"माझ्यावर हुकूम? दिवेलागणीच्या आत राज्याबाहेर चालते व्हा!" केदारराजे गरजले, आणि गरजता गरजता खोकू लागले.

बिचाऱ्या कोंडाजी वैद्यांनी केलं काय होतं? महाराजांचं तोंड इतकं आखडलेलं की दोन बोटंही धड आत जाईनात, गालात पांढरे चट्टे, तिखट घास लागला की डोळ्यांत पाणी. म्हणून ते एवढंच म्हणाले, "महाराज, तंबाखू सोडा."

वैद्यांची मुलगी सारजा मागंच उभी होती. ती तडक पुढं आली. जीभ तिची धारदार होती!

"महाराज, तुमच्यावर हुकूम चालवणारं या वाड्यात आधीच कुणीतरी आहे. मग शिक्षा आबांनाच का?"

सगळ्या दरबारादेखत महाराज सिंहासनावरून पुढं झुकले.

"माझ्यावर? दिवे लागायच्या आत दाखव. नाहीतर बापाबरोबर तूही चालती हो!"

"दाखवते. फक्त तुमची तंबाखूची चंची द्या. आणि ती कुणी आणून द्यायची नाही, असं सगळ्यांना बजावा."

महाराजांनी हसत चंची फेकली. सारजानं पदर खोचला, अंगणातल्या चिंचेवर सरसर चढली आणि चंची उंच बेचक्यात ठेवून आली.

दुपारपर्यंत महाराज दिवाणजींवर खेकसले, जेवणाचं ताट परत पाठवलं. सिंहासन टोचू लागलं. शेवटी "जरा वारा घेतो" म्हणत ते अंगणात आले. वर पाहिलं. मागं पाहिलं. जोडे काढले, धोतराचा काचा मारला आणि चढले! अर्ध्यातच धाप लागली, छाती भात्यासारखी हलू लागली, तरी हात वरच!

चंची हाती आली, तोच खालून आवाज आला, "मुजरा!"

सारजा कमरेत वाकून उभी होती. मागं सगळा दरबार.

"महाराज, मुजरा तुम्हाला नाही हं! तुमच्या हातातल्या धनीणबाईंना! त्या 'ऊठ' म्हणाल्या, तुम्ही सिंहासन सोडलंत. 'चढ' म्हणाल्या, झाडावर चढलात. राणीसाहेबांनी सांगितलं असतं तर चढला असतात?"

महाराज लालेलाल झाले. "पोरी, आधी शिडी मागव!"

"त्यांनाच विचारा ना! चढवलं त्यांनी, उतरवतीलही त्याच!"

महाराजांना असं हसू फुटलं की फांदी गदागदा हलली. "वैद्यबुवांना शालजोडी द्या! आणि पोरी, आजपासून माझ्यावर हुकूम चालवायचा मान तुझा! हे घे सोन्याचं कडं!"

"कडं मागाहून, महाराज! आधी चंची टाका!"

महाराजांनी चंचीकडं एकदा आशाळभूतपणे पाहिलं, आणि दिली टाकून!